दुपारी दोनची सभा

सभा दुपारी दोनला होती. हवामान बदलाबद्दल गावोगाव सांगत सायकलींवर फिरणारी सहा शहरी पोरं पारावर उभी होती आणि समोर मी एकटा.

“काका, गाव कुठंय?” त्यांच्यातल्या मुलीने विचारलं.

“निजलंय. मे महिन्यात या वेळी आमच्याकडे कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं.”

ती हसली आणि तोल जाऊन खाली बसली. तोंड लालबुंद, पण कोरडं. “ठीक आहे मी. आता तर घामही येत नाहीये. जरा पडते.”

गेल्या वर्षी रानातून सरपणाला कापसाच्या पऱ्हाट्या वेचून आलेली माझी बायको हेच म्हणाली होती. घाम थांबला म्हणजे अंगातलं ऊन उतरलं, असं समजून मी तिला झोपू दिलं. ती उठलीच नाही.

मी घरातला माठ आणून पोरीवर ओतला आणि दारोदार पाणी मागत ओरडलो.

“भाऊजी, टँकर परवा येणार!” शेजारीण म्हणाली, पण हंडा घेऊन धावली.

चौथ्या हंड्याला पोरीने डोळे उघडले. शेजारणीने माझा हात धरला. “पुरे, भाऊजी. उठली ती.”

मला थांबता येईना. “झोपू नको,” मी म्हणत राहिलो, “झोपू नको.”