किरायादार

वरच्या खोलीला कुलूप होतं आणि प्रज्वलच्या हातात टेप होता. बापाच्या घरात बंद दारासमोर मापं घ्यायला ताटकळत उभं राहावं लागतंय, याचा त्याला राग कमी आणि हसू जास्त आलं. कुलूप बहिणीने लावलेलं. बहीण कसली, किरायादार.

दीड वर्षापूर्वी रंजीता नवऱ्याचं घर सोडून देगलूरहून भैंसाला परत आली, तेव्हा तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. सुधाकररावांनी पोरीला काही विचारलं नाही. हात मोकळा झाला तशी ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला लागली. पहिला पगार झाला त्या दिवशी सगळे जेवायला बसले असताना म्हातारा म्हणाला, "रंजीता, वरच्या खोलीचा तीन हजार किराया देत जाय. एक तारखेले."

रंजीताच्या आईचा, आशाबाईंचा घास हातातच राहिला. दोन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. रंजीताने मात्र बापाकडे एकदा नीट पाहिलं आणि मान डोलावली.

प्रज्वलला ही गोष्ट भलतीच आवडली. चहाच्या हॉटेलात दोस्तांपुढे तो ती तिखटमीठ लावून सांगायचा. "जन्मभर फवारणीचे पंप दुरुस्त केले माह्या बापानं. आता पोरीले पिळून राह्यला." दोस्त हसायचे. भाऊ म्हणून एक शब्द बोलावा, असं त्याला कधी वाटलं नाही. त्याचा अंदाज सरळ होता. दोन महिने ती पैसे भरेल, तिसऱ्या महिन्यात मुकाट नवऱ्याच्या दारात जाईल. फुकट ठेवली असती तर जन्मभर चिकटली असती.

ती गेली नाही. उलट किराया द्यायला लागल्यापासून तिची मानच ताठ झाली. खिडकीला पडदा आला, उन्हाळ्यात कूलर आला. एकदा रुपाने, प्रज्वलच्या बायकोने, ज्वारीची दोन पोती त्या खोलीत नेऊन टाकली. रंजीता कामावरून आली, पोती पाहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, "वहिनी, ही खोली माही हाय. आधी विचारत जा." पोती खाली आली. रुपा दिवसभर भांडी आपटत होती.

"तीन हजारात राज्य घेतलं का हिनं?" प्रज्वल जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलला होता. तीन हजार त्याच्या लेखी काय! तो प्लॉटची दलाली करायचा. त्याच्या तोंडात लाखाखालचा आकडा नसे. खिशात मात्र शंभराची नोटसुद्धा पाहुण्यासारखी येई. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. खालच्या दोन खोल्या त्याच्याकडे होत्या. दूध, वीज, गॅस म्हाताऱ्याच्या पंपांवर चालायचं. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. तो पोरगा होता.

आता त्याला ऑफिस पाहिजे होतं. वरच्या खोलीला बाहेरून जिना, खिडकी रस्त्यावर. बोर्डसुद्धा रंगवून झाला होता.

तो टेप गुंडाळत खाली आला. सुधाकरराव ओट्यावर एका पंपाचा वायसर बदलत बसले होते. रंजीता नुकतीच कामावरून आली होती आणि पायरीवर चपला काढत होती. तिच्यासमोर बोलायला प्रज्वलला संकोच वाटला नाही.

"बाबा, वरची खोली मले पाह्यजे. ऑफिस टाकून राह्यलो. रंजीताले सांगा, रविवारपर्यंत खाली कर म्हना."

"तिनं कोठी जाव?"

"कोठीबी जाव. कमावते ना? गावात खोल्या कमी हायेत काय? नाई तं देगलूरले घर हायेच तिचं."

रंजीताचा हात चपलेच्या पट्ट्यावर थांबला. आशाबाई आतून दारात आल्या. त्यांच्या मागे रुपा.

सुधाकररावांनी मान वर केली नाही. "ती किराया देते," ते म्हणाले.

प्रज्वलला हायसं वाटलं. म्हणजे गोष्ट पैशावर अडली होती तर. म्हातारा शेवटी म्हाताराच.

"तीनच हजार ना? मी पाच देतो."

"वरच्या खोलीचे?"

"हो."

"अन् खालच्या दोन खोल्यांचे?"

म्हातारा थट्टा करतोय असं प्रज्वलला वाटलं. तो मोठ्याने हसला, मागे रुपाही हसली. "खालचे काहाचे? मी पोरगा हाव तुमचा. घरच्या मानसाले किराया असते काय?"

"नसते," सुधाकरराव म्हणाले. "तिच्याकून काऊन घेतो, हे तुले एवढ्या दिवसात नाई समजलं. ती आली तवा तुमी दोघं तिच्या ताटातल्या भाकरी मोजत होते. किराया सुरू झाला त्या दिवसापासून मोजनं बंद झालं. म्हून घेतो."

रुपाचं हसू विरलं. आशाबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्यांनाही हे आजच कळत होतं. रंजीताने दुसरी चप्पल काढली आणि शांतपणे पायरीवर बसली.

"ते जाऊ द्या," प्रज्वल म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता, पण ताठा तसाच होता. "खोलीचं सांगा. खाली करून देता का नाई?"

सुधाकररावांनी पंप बाजूला ठेवला, हात पुसले आणि पहिल्यांदाच पोराच्या तोंडाकडे पाहिलं.

"किरायादाराले उठवाचं म्हनलं तं तीन महिन्यांची नोटीस द्या लागते," ते म्हणाले. "फुकट राहनाऱ्याले रविवारपर्यंत सांगितलं तरी चालते."