झुंबरबाई हजर

"नाव सांग," इंद्रभान म्हणाला.

"जनकाबाई."

"अवं माय, सकाळपासून काय सांगून राह्यलो तुले? तुहं नाव झुंबरबाई. नवरा वारला, पोरगी डोणगावले देली. बस, एवढंच."

"झुंबरबाई," म्हातारी पुटपुटली. "पन भाऊसाहेब, माह्या घरकुलाचं?"

"होऊन जाईन."

तिचं नाव घरकुलाच्या यादीतून त्यानेच कापलं होतं, हे त्या बिचारीला ठाऊक नव्हतं. इंद्रभानकडे दोन गावांचा कारभार. ही त्यातल्या दुसऱ्या गावची, म्हणून इथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं.

अठ्ठावीस वर्षं इंद्रभानने ग्रामसेवकी केली आणि दोन्ही गावं व्यवस्थित धुऊन खाल्ली. नळ जोडायचा तर कोंबडी, घरकुलाला तुरीचं पोतं, आणि जो काहीच देत नसे त्याचा कागद नेमका हरवायचा. त्याच्या राज्यात मेलेल्या माणसांनाही निराधारांची पेन्शन मिळे. झुंबरबाई जाऊन सात वर्षं झाली, तरी दरवर्षी ती हयात असल्याचा दाखला तो देई. तिचं एटीएम कार्ड त्याच्याच खिशात असे.

आता निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि परवा तालुक्याहून पत्र आलं. झुंबरबाईबाबत आलेल्या अर्जाची चौकशी आहे, दप्तर तयार ठेवावे. इतकंच. वाचता वाचता तो काय ते समजला. पेन्शनचं प्रकरण कोणीतरी वर पोचवलं होतं. आता निलंबन झालं तर स्वतःच्या पेन्शनवर पाणी, वर तुरुंग. म्हातारपणी अब्रू जाणार या विचाराने त्याला जेवण जाईना.

झुंबरबाईला जिवंत दाखवायला एकच कागद आड येत होता. झुंबरबाई गेली तेव्हा तिची मुलगी पुष्पांजली मृत्यूचा दाखला मागायला आली आणि ओसरीवर रडत बसली. त्या दिवशी इंद्रभानला काय झालं कोण जाणे! त्याने रीतसर नोंद केली, दाखला तिच्या हातात दिला आणि चहासुद्धा मागितला नाही. अशी बुद्धी त्याला पुन्हा कधी झाली नाही.

काल त्याने मृत्यूच्या रजिस्टरातलं ते पान बेतानं फाडलं आणि चुलीत घातलं. पुष्पांजलीकडचा दाखला डोणगावात कुठल्या तरी पेटीत पडला असेल, तो कोण बघतो?

अकराच्या सुमारास चौकशीला विस्तार अधिकारी धम्मशीला मॅडम आल्या. त्यांच्या मागोमाग प्रेम आत शिरला. प्रेम हा झुंबरबाईचा सख्खा पुतण्या, काकूच्या अंगाखांद्यावर वाढलेला. आता सगळं संपलं, असं इंद्रभानला वाटलं.

मॅडमनी आधी मृत्यूचं रजिस्टर मागितलं. ते वर्ष काढून एकेक पान सावकाश उलटलं.

"झुंबरबाईंची नोंद दिसत नाही."

"कशी दिसन, मॅडम? बाई जितीजागती हाय." त्याने आवाज दिला. "झुंबरबाई, आत ये वं."

जनकाबाई पदर सावरत दारात उभी राहिली. प्रेम तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने इंद्रभानकडे पाहिलं. इंद्रभानने नजर खाली घातली.

"काय हो," मॅडमनी विचारलं, "याच का तुमच्या काकू?"

प्रेम पुढे झाला आणि म्हातारीच्या पायाशी वाकला.

"काकू, कवा आली वं तू?"

हे काही तिला पढवलेलं नव्हतं. पण कित्येक वर्षांत कोणी तिच्या पाया पडलं नव्हतं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचे डोळे खरोखर भरून आले.

इंद्रभानच्या जिवात जीव आला. पोराला काहीतरी हवं असेल, त्याचं मग बघू, असं त्याने मनाशी म्हटलं. पण ऐनवेळी पोरगं धावून आलं होतं, आणि त्याला प्रेमला मिठीच मारावीशी वाटली.

"ग्रामसेवक म्हणून तुम्ही हे लिहून द्याल?" मॅडमनी विचारलं.

"काऊन नाई? आत्ता देतो."

त्याने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. सदर झुंबरबाई हयात असून मी त्यांना व्यक्तिशः ओळखतो. खाली सही केली आणि शिक्का मारला. प्रेमने साक्षीदार म्हणून सही केली. म्हातारीने अंगठा दिला.

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. मग पिशवीतून दुसरा काढून त्याच्या शेजारी ठेवला. झुंबरबाईच्या मृत्यूचा दाखला. त्यावरही तेच वळणदार अक्षर होतं, तीच सही, तोच शिक्का.

"या दाखल्यावर पुष्पांजलीबाईंनी आईचं शेत आपल्या नावावर करून घेतलं," मॅडम म्हणाल्या. "दाखला खोटा आहे, काकू जिवंत आहे, शेत पुष्पांजलीकडून काढून घ्या, असा या प्रेमचा अर्ज होता. त्याच्याकडे पुरावा म्हणून एक चिठोरासुद्धा नव्हता."

इंद्रभानने मृत्यूचं रजिस्टर हळूच आपल्याकडे ओढलं.

"मी तर आज फक्त रजिस्टरातली तुमची नोंद बघून त्याचा अर्ज फेटाळायला आले होते."