रविवारची हजेरी

मी रविवारी ऑफिसला जात नाही. इथे जर्मनीत कुणीच जात नाही, कायद्यानेच बंदी आहे! तरी आमची बॉस हाइके हिने मला केबिनमध्ये बोलावून झापलं.

आमच्या एक्सेलमध्ये नवं अ‍ॅड-इन आलंय. आपला फोन कुठे कुठे होता ते बघून ते परस्पर टाइमशीट भरतं. त्यात माझा प्रत्येक रविवार ऑफिसात गेलेला!

"अगं, मी घरी होतो! माझ्या बायकोला विचार, ऊर्मिलाला."

"रुपेश, फोन कशाला खोटं बोलेल?"

म्हणजे मी खोटारडा! डोकं सणकलं माझं.

या रविवारी फोन मुद्दाम घरी ठेवला आणि सोक्षमोक्ष लावायला हॅम्बर्गच्या त्या पावसात स्वतः ऑफिस गाठलं. दिवे बंद. माझी खुर्ची रिकामी. सगळा मजला पालथा घातला, अगदी टॉयलेटसुद्धा. चिटपाखरू नव्हतं.

"बघा म्हणावं आता!" मी मोठ्याने म्हणालो आणि ऊर्मिलाला सांगायला टेबलावरच्या फोनवरून माझाच मोबाईल लावला.

तिकडे फोन उचलला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"हॅलो," एक पुरुष तणतणला, "रविवारी कसले ऑफिसातून फोन करता?"

आवाज माझा होता.

"ऊर्मिलाला दे!" मी ओरडलो. "कोण आहेस तू?"

लांबून ऊर्मिलाचा आवाज आला.

"रुपेश, ठेव तो फोन. दर रविवारी हाच माणूस असतो. ये, वरण गार होतंय."