नावानं हाक

"नवऱ्याचं नाव घ्यायला लावत्यात, हे कसलं मेलं ट्रेनिंग!" घमेलं भरता भरता सत्यभामा शेजारणीच्या कानात पुटपुटली. वाशीतल्या शाळेच्या त्या बांधकामावर सुपरवायझर शिवरंजनी नेमकी तिच्या मागंच उभी होती.

"मावशी, धोका दिसला की ज्याला धोका त्याचं नाव घेऊनच ओरडायचं. नुसतं 'आवं' म्हणलं, की परांचीवरचे सगळेच नवरे खाली बघत्यात."

"मग उखाण्यात घेऊ का?"

"घ्या की. तुमचा उखाणा होईस्तोवर वीट हवेत थांबती का, तेवढं विचारून घ्या."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सत्यभामा लाजली, पण नाव काही घेतलं नाही.

भाकरी खाऊन सगळे कामाला लागले. वर भिंत बांधणारा तिचा नवरा कमरेच्या पट्ट्याचा हूक न अडकवताच परांचीच्या कडेला वाकला.

"आवं!"

बाकीच्या गड्यांनी दचकून आपापले हूक चाचपले. तो मात्र, दुसऱ्याच कुणाची तरी बायको ओरडतीय असं समजून, आणखी वाकला. शिवरंजनी गळ्यातली शिट्टी शोधत होती, तेवढ्यात सत्यभामा कडाडली,

"आरं ये बलभीम! हूक लाव मुडद्या, जित्ता पायजेस मला!"