अकरावा रकाना

"छंद : वाचन आणि संगीत," लेकीने वाचून दाखवलं. आगीला गाणं म्हणून दाखवायचं असेल तर राहू दे, नाहीतर खोड, असं बाप म्हणाला. तिने हसत ते खोडलं.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप होता आणि शेजारी अग्निशमन दलाचं पत्र. सोमवारी मुलाखत होती. बायोडाटा दलाच्या ठरलेल्या नमुन्यातच भरून आणायचा, अशी पत्रात अट होती. वयाच्या मर्यादेत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष. सोमवारी जमलं तर जमलं, नाहीतर जन्मभर दुकानात बसून आग विझवायची नळकांडी विकायची. गेली तीन वर्षं ती तेच करत होती.

बाप सत्तावीस वर्षं दलात काढून निवृत्त झालेला, त्यामुळे आज त्याच्या अंगात परीक्षक संचारला होता. शिडी चढताना हात कुठे धरायचा, दोराच्या गाठी किती येतात, धुरात खाली का वाकायचं, सगळं विचारून झालं. मुलाखतीत लांबण लावू नकोस, असं त्याने चार वेळा बजावलं आणि चारही वेळा स्वतःच लांबण लावली. पोरगी तोंड दाबून हसत होती. कितीतरी दिवसांनी तो असा सुखात बसला होता.

मग अकरावा रकाना आला. 'यापूर्वी मुलाखतीस बोलावले होते काय? अनुपस्थित राहिल्यास कारण.'

"नाही," असं स्वतःशीच म्हणत तिने ते टाइप केलं आणि बाराव्याकडे वळली.

बापाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. रकान्यात 'नाही'च होतं. दलाच्या कचेरीत काय काय जपून ठेवतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? जावक वहीत तीन वर्षांपूर्वीच्या पत्राची नोंद असेल. तिला पोचपावती टाचलेली असेल, आणि पोचपावतीवर त्याची स्वतःची वळणदार सही. मुलाखत घेणारे तेच पान उघडून बसतील आणि खोटी माहिती दिली म्हणून पोरीला दारातूनच परत पाठवतील. गप्प बसावं तर तिचं वाटोळं, बोलावं तर आपलं. तीन वर्षं त्याने आपल्यालाच सांभाळलं होतं.

"नाही लिहू नकोस," तो म्हणाला. "बोलावणं आलं होतं. मी घेतलं."

तिचे हात थांबले. पुढचं त्याने टेबलाकडे बघत, तुटक तुटक सांगितलं. त्याच आठवड्यात एका गोदामाचं छप्पर कोसळलं होतं आणि त्याच्या जोडीचा लांबू आत राहिला होता. लांबूचं हेल्मेट त्याच्या बायकोच्या हातात देऊन तो घरी आला, तर दारात पोस्टमन उभा. लिफाफ्यावर लेकीचं नाव आणि कोपऱ्यात दलाचा शिक्का. त्याने सही केली आणि लिफाफा खिशात घातला.

पत्र कुठे आहे, असं तिने विचारलं. जाळलं, तो म्हणाला. सबंध नोकरीत त्याने स्वतः लावलेली ती एकच आग. बाथरूममध्ये लावली होती, आणि सवयीने वर मगभर पाणीही ओतलं होतं.

तिने दाराच्या चौकटीकडे पाहिलं.

"मी चौकटीला लोंबकळायचे तेव्हा आकडे कोण मोजायचं, बाबा?"

बोलावणं आलं नाही म्हणजे आपली उंचीच कमी पडली, असं तिने तेव्हा ठरवून टाकलं होतं. अर्धा इंच तरी वाढेल म्हणून दोन महिने रोज सकाळी ती दाराच्या चौकटीला लोंबकळत असे, आणि स्टुलावर बसून आकडे मोजायला बाप असे. पंचेचाळीस, सेहेचाळीस, अजून थोडं. तळहाताला फोड आले की मलमही तोच लावायचा. आपलं फार चुकलं हे त्याला त्या दिवसांतही कळत होतं. तरी मोजायचं काही तो थांबला नव्हता.

तेव्हाच गेली असती तर आज तिच्या खांद्यावर एक पट्टी असती. कदाचित लांबूसारखं झालंही असतं, कोणी सांगावं? पण जायचं की नाही हे ठरवायचा हक्क तिचा होता, आणि तो त्याने जाळला होता.

"खरं तेच लिही," तो म्हणाला. "बापाने पत्र दडवलं म्हणून लिही. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"सोमवारी समोर बसणारे दोघंही तुमच्या हाताखाली शिकलेत. अजून तुम्हाला उस्ताद म्हणतात."

एवढं बोलून तिने लॅपटॉप जवळ ओढला. 'नाही' पुसून 'होय' केलं. कारणापाशी मात्र ती बराच वेळ अडली. मग एकेक अक्षर दाबत 'घरगुती अडच' इथवर आली आणि पुन्हा थांबली. न आणि ण यांत तिचा शाळेपासूनचा घोळ, आणि तो निस्तरायला शाळेपासून बापच. तिने मान वर केली नाही.

"अडचण लिहायचंय. नळाचा न की बाणाचा?"

"बाणाचा," बाप म्हणाला.