मालिकेतली सासू

सुनेने लिहिलेली विनोदी मालिका टीव्हीवर सुरू झाली आणि मी देवाचं नाव घेतलं. इतकी वर्षं बघतेय, असल्या मालिकांत बाप बावळट नि आई तोंडाळ. त्यात शेजारची शेवंता पुढ्यातच बसलेली!

पडद्यावरची सासू सुनेवर कडाडली, "नोकरीला निघालीस की वरातीला?" माझंच वाक्य. टीव्हीत हशा पिकला.

"अगदी तुम्हीच हो काकू!" शेवंता खिदळली. आता गावभर होणार, म्हणून मी पदर आवळून बसले.

मग त्या सासूने गुपचूप सुनेच्या डब्यात डिंकाचा लाडू ठेवला. आमच्याकडे तो तिचा नवरा ठेवतो, असंच मी माझ्या सुनेला भासवलं होतं.

मागे उभी असलेली माझी सून भीत भीत म्हणाली, "आई, काही चुकलं का?"

"चुकलं तर! लाडू केवढासा दाखवलास? लोक म्हणतील, सासू कंजूष."