वाढत्या अंगाची काठी

दहा वर्षांच्या लेकीसाठी सुतार बापानं काठी तासली, तीही चार बोटं लांब. “वाढत्या अंगाची बरी. पुढच्या वेळी मापात बसेल.” डोंगरावरच्या देवापर्यंत आठवडाभराची पायवाट, पोर कुरकुरत, काठीलाच अडखळत चालली. शाळा, नोकरी, संसारात पुढची वेळ उगवायला तीस वर्षं लागली. आज तिसऱ्या चढावर लेकीच्या ध्यानात आलं, निघताना घाईत बापलेकीच्या काठ्यांची अदलाबदल झाली होती. म्हातारा तिची लहानपणची काठी टेकत चक्क पुढं निघाला होता. “बाबा, ती माझी!” त्यानं काठी वाकलेल्या खांद्याशी ताडून पाहिली. “तरीच म्हटलं, हात एवढा झकास कसा बसतोय! माझं माप कधी चुकलंय?” दोघं पोट धरून हसली. दम खात तो हळूच म्हणाला, “अजून वाकलो तर?” “चार बोटं कापू की,” त्याची उंच काठी पेलत लेक म्हणाली, “पुढच्या वेळी.”